टोंगळे

सपाट गाव आमचं.
संत्रं रस्त्यावर ठेवलं
तर ठेवलं तिथेच राहतं.
चढ हवा असेल तर एक तर उड्डाणपूल,
नाही तर सेमिनरी हिल्स.
पुलावर ट्रक असतात.
म्हणून शनिवारी, पावणेपाचला, हिल्स.

उईके सरांनी खडूच्या दोन रेघा मारल्यात.
एक खाली, मोरीच्या कठड्यापाशी,
दुसरी वर, सागाची रांग संपते तिथे.
निखारे बाईंची दोनशे ऐंशी पावलं,
माझी तीनशे दहा.
आठ वेळा वर. आठ वेळा खाली.

मोजायला मी चिंचोके आणते.
कठड्यावर आठ मांडायचे,
दर फेरीला एक खिशात.
नजर दहा फुटांवर, सर म्हणतात,
शेंड्याकडे पाहायचं नाही,
पाहिलं की तो मागे सरकतो.

तिसऱ्या फेरीला पोटऱ्या
पिळलेल्या चादरीसारख्या.
पाचव्या फेरीला मी मलाच विचारते, काहून?
उत्तर द्यायला दम उरलेला नसतो,
एका अर्थी बरंच आहे ते.

घरी सांगितलंय, टेकडीच्या मारुतीला जाते.
वय चव्वेचाळीस, नोकरी ट्रेझरीत,
दिवसभर दुसऱ्यांच्या पेन्शनच्या फायली.
आणि आता एकवीस किलोमीटर पळणार आहे
हे वाक्य
जेवणाच्या ताटावर कसं वाढायचं?

तर त्या शुक्रवारपासून सासूबाई
रात्रीच ओट्यावर बाटली भरून ठेवतात,
खोकल्याच्या औषधाची, छोटी,
आत तिळाचं तेल.
"मारुतीले वाह्यजो, व.
म्हणा, म्हातारीचे टोंगळे सांभाळ."

मी हो म्हणते.
बाटली स्कूटीच्या डिकीत ठेवते,
आणि हिल्सवर पोचेपर्यंत
दर स्पीडब्रेकरला
मागच्या सगळ्या बाटल्या
एकमेकींना काहीतरी सांगतात.

सातव्या शनिवारी
उतारावर, चढावर नाही, उतारावर,
डावा टोंगळा अडला.
दार फुगून चौकटीत बसावं तसा.
कठड्यावर टेकले. दोन चिंचोके बाकी होते.
निखारे बाईंनी विचारलं,
काही लावायला आहे का, मलम, काही?
मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, आहे.

डिकी उघडल्यावर त्या
काही वेळ नुसत्या पाहत राहिल्या.
"दुकान टाकलं काय, बाई?"
मग तिथेच, धुक्यात,
फुटाळ्याकडून येणाऱ्या गारव्यात
एक बाटली माझ्या गुडघ्यात जिरवली.
बोटं त्यांची विणकराच्या घरातली,
कुठे गाठ आहे ते न विचारता शोधणारी.

वर घंटा वाजली.
मी शेंड्याकडे पाहिलं.

सातवी फेरी हळू झाली.
आठवीला रेघ आली, आणि मी थांबले नाही.
खिशात उरलेल्या सहा बाटल्या,
तीन इकडे, तीन तिकडे,
मांड्यांवर आपटत.
सर खालून ओरडले काहीतरी,
बहुतेक माझं नाव.

पुजाऱ्याने एक वाहू दिली, दोन,
तिसरीला म्हणाला, ताई, एवढं?
मी धापा टाकत म्हटलं, थकबाकी आहे.
त्याने माझे बूट पाहिले, दाराशी काढलेले,
गुलाबी तळव्यांचे,
आणि पळी बाजूला ठेवून
मोठं भांडं पुढे केलं.
म्हातारीचे टोंगळे, मी सांगितलं.
माझे राहिले सांगायचे.

घरी आले तेव्हा सासूबाई
मेथी निवडत बसल्या होत्या.
मी शेजारून गेले.
त्यांनी मान न उचलता
एकदा श्वास ओढला, लांब,
हरभऱ्याची डाळ शिजली का बघताना ओढतात तसा.
"पावला काय मारुती?"
हो म्हटलं.
"कोनाले?"
आणि पुन्हा मेथीत हात.

शर्यत अजून तीन आठवड्यांवर.
काल शुक्रवार होता.
ओट्यावर दोन बाटल्या.
एकीच्या झाकणाला लाल दोरा बांधलेला,
कुठली कुणाची, ते कळावं म्हणून.
लिहिता येत नाही त्यांना.